रिमोटचा पंखा घ्यायचा तर आधी छताचा हुक बघा

पंख्याला पाचपैकी साडेचार, सोबत येणाऱ्या नट-बोल्टच्या पुडीला तीन आणि "फिटिंग फ्री" या पाटीला फार तर दोन. रिमोटच्या छतपंख्याबद्दल थोडक्यात मत विचारलं तर ते एवढंच. पण हा पंखा मिक्सरसारखा नसतो, की खोक्यातून काढला, पिन लावली आणि सुरू केला. चार किलोच्या आसपास वजनाची वस्तू डोक्यावर मिनिटाला साडेतीनशे फेरे घेणार. ती कशाला टांगली आहे आणि तिला वीज कुठून येते हे कंपनी बघत नाही, ते घरमालकालाच बघावं लागतं. म्हणून इथे पंख्यापेक्षा हुक, बोर्ड आणि वायर यांना जास्त जागा दिली आहे. तक्रारीही बहुतेक तिथूनच सुरू होतात.

आधी पंख्याचं कौतुक उरकून घेऊ. रिमोटचा पंखा म्हणजे आजकाल बहुतेक वेळा बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी, मोटरचा पंखा. आत लोहचुंबक, त्यांना फिरवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, आणि त्या सर्किटला हुकूम देणारा रिमोट. आपल्याकडे कोइम्बतूरच्या सुपरफॅनने २०१२ मध्ये ३५ वॅटचा असा पंखा आणला. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ॲटमबर्ग सुरू केली आणि हा प्रकार खऱ्या अर्थाने घरोघरी गेला. त्यांचा १२०० मिलिमीटरचा रेनेसा पूर्ण वेगावर २८ वॅट घेतो. जुना साधा पंखा त्याच वेगावर ७० ते ८० वॅट खातो. आता क्रॉम्प्टन, हॅवेल्स, ओरिएंट, उषा अशा सगळ्यांकडे हे पंखे मिळतात.

हिशेब सोपा आहे. ७५ वॅटच्या जागी २८ वॅट, म्हणजे ४७ वॅटची बचत. दिवसाला १५ तास पंखा चालला तर महिन्याला २१ युनिट वाचतात. स्थिर आकार सोडून युनिटला सगळं मिळून १० रुपये धरले तर २१० रुपये. त्यामुळे साडेतीन हजारांचा पंखा रोज १५ तास चालणाऱ्या हॉलमध्ये दीड वर्षाच्या आत पैसे फेडतो. पाहुण्यांच्या खोलीत तो कधीच फेडणार नाही. सगळ्या घराचे पंखे एकदम बदलायची घाई करू नये, हे त्यातलंच.

दुकानात तीन गोष्टी वाचा. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे. त्यावर सर्व्हिस व्हॅल्यू असते, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर वारा दिला भागिले किती वॅट घेतले. २०२३ च्या नियमांप्रमाणे १२०० मिमीच्या पंख्याला पाच स्टार हवे असतील तर हा आकडा ६ किंवा त्याहून जास्त लागायचा. मात्र नुसते वॅट पाहून भुलू नका. वारा, म्हणजे एअर डिलिव्हरी, मिनिटाला २१० घनमीटरच्या खाली असेल तर बिल वाचेल पण मे महिन्यात घाम काही थांबणार नाही. तिसरी गोष्ट आयएसआय खूण आणि तिच्याजवळ आयएस ३७४ हा मानकाचा क्रमांक. खोक्यावर नव्हे, मोटरवरच्या पट्टीवर बघा.

साइजचं म्हणाल तर १०० ते १५० चौरस फुटांच्या खोलीला १२०० मिमी, छोट्या स्वयंपाकघराला ९०० मिमी. लांबट हॉलमध्ये एक १४०० मिमीचा लावण्यापेक्षा दोन १२०० चे बरे, कारण पंख्याचा वारा खाली पडतो, कोपऱ्यापर्यंत जात नाही.

नव्याने घेणाऱ्यांना दोन गोष्टी खटकतात आणि दोन्ही खराबी नव्हेत. बंद पंखा हाताने फिरवला तर तो गुळगुळीत न फिरता किंचित अडखळत, खाचाखाचांतून गेल्यासारखा फिरतो. ती आतल्या चुंबकांची ओढ. आणि सुरू करताना तो आधी एकदा मागे सरकल्यासारखा करतो, मग हळूहळू वेग घेतो. सर्किट चुंबकांची जागा शोधत असतं. या पंख्यात साध्या पंख्यासारखा कंडेन्सर नसतो, हेही ध्यानात ठेवा. साधा पंखा मंदावला की वायरमन अडीच मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर बदलून देतो आणि पंखा पळायला लागतो. बीएलडीसी मंदावला आणि कुणी "कंडेन्सर गेलाय साहेब" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि कंपनीला फोन करा.

आता मूळ मुद्दा. पंखा मागवण्याआधी एका दुपारी घोडा लावून हुक जवळून बघा. स्लॅबच्या इमारतीत बहुधा लोखंडी फॅन बॉक्स असतो आणि त्यातून आडवी १० किंवा १२ मिमीची सळई गेलेली असते. जुन्या पंख्याचा शॅकल, म्हणजे रॉडच्या वरच्या टोकाची हुकात अडकणारी कडी, वर्षानुवर्षं त्या सळईवर घासत असतो. पंखा उतरवला की सळईच्या मधोमध बोटाला खाच लागते का ते चाचपा. नखाच्या जाडीएवढी खाच असेल तर चालून जाईल. सळई त्या जागी पाऊण जाडीची उरली असेल, तर नवा पंखा कितीही हलका असो, तिथे टांगू नका. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यात झीज आणि गंज हातात हात घालून येतात. पापुद्रा सुटत असेल तर तारेच्या ब्रशने घासा आणि खाली किती लोखंड शिल्लक आहे ते व्हर्नियर नसेल तर सळईच्या मूळ मापाच्या, म्हणजे १० किंवा १२ मिमीच्या, पान्याच्या तोंडात घालून बघा. पाना सैल बसला की सळई झिजली समजा.

हुकाभोवतीचं छत त्याहून जास्त बोलतं. तपकिरी डाग, प्लास्टरला गोलाकार तडा, टिचकी मारली की पोकळ आवाज, हे सगळं स्लॅबमधली सळई गंजून फुगल्याचं लक्षण. तिथे आधी स्लॅबची दुरुस्ती, मग पंखा. सगळ्यात वरच्या मजल्यावर आणखी एक भानगड असते. गच्चीतून झिरपलेलं पाणी वायरच्या पाइपातून वाट काढत थेट फॅन बॉक्समध्ये उतरतं आणि पावसाळ्यात पंख्याच्या रॉडवरच्या झाकणवाटीतून टपटप करतं. साधा पंखा दोन दिवस वाळवला की पुन्हा चालायचा. बीएलडीसीचं सर्किट मोटरच्या आत किंवा वाटीत बसलेलं असतं, ते एका भिजण्यात जातं आणि पाण्याने गेलेलं सर्किट वॉरंटीत बसत नाही. मागच्या पावसात त्या जागी ओल आली असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग होईपर्यंत जुनाच पंखा राहू द्या.

हुक भरवशाचा वाटला तरी वजन टांगून बघावं. पंख्याच्या पाच-सहापट, म्हणजे साधारण २५ किलो. धान्याचं किंवा वाळूचं पोतं जाड दोरीने बांधून अर्धा तास लटकत ठेवा, खाली कुणी उभं राहायचं नाही. हुक वाकला, बॉक्स खाली सरकला, प्लास्टरची भुकटी पडली, की उत्तर मिळालं. स्वतः लोंबकळून बघायचा जो प्रकार चालतो तो मात्र करू नका.

फॅन बॉक्सच नसेल तर स्लॅबला भोक पाडून अँकर फास्टनर मारावे लागतात. चार फास्टनरची लोखंडी प्लेट एकाच फास्टनरपेक्षा केव्हाही सुरक्षित. फास्टनरची खोली मोजताना वरचं प्लास्टर धरायचं नाही, ते नुसतं चिकटलेलं असतं, वजन पेलत नाही. ड्रिल मध्येच सळईला थडकलं तर ती कापत बसू नका, भोक दीड-दोन इंच बाजूला घ्या. ड्रिलिंग पूर्ण झाल्यावर भोकातली भुकटी फुंकून काढा. भुकटीत मारलेला फास्टनर आवळताना घट्ट वाटतो आणि महिनाभरात ढिला पडतो. आणि हे सगळं पंखा खोक्यात बंद असतानाच करा. आत चुंबक आहेत, लोखंडाचा बारीक कीस मोटरमध्ये गेला तर तो बाहेर यायचा नाही.

चाळीतल्या सागवानी तुळईला किंवा कोकणातल्या कौलारू घराच्या लाकडाला आटे असलेला हुक पिळून बसवण्याची पद्धत आहे. लाकूड वाळतं, दमटपणात फुगतं, आणि थरथरीने आटे सैल होतात. त्यापेक्षा तुळईला आरपार भोक, त्यातून बोल्ट, दोन्हीकडे मोठे वॉशर आणि वर दुहेरी नट. किंवा तुळईला मिठी मारणारा लोखंडी पट्टीचा क्लँप. वाशाला पंखा टांगायचाच नाही, वासा कौलांसाठी असतो. भुंग्याने पोखरलेली तुळई ओळखायला तिच्याखाली पिठासारखा भुसा पडलाय का ते बघा.

फॉल्स सीलिंगवाल्यांनी इथे जास्त वेळ थांबावं. पीओपी किंवा जिप्समची पत्र्याच्या चॅनेलवरची जाळी पंख्यासाठी नसतेच. रॉड तिच्यातून आरपार जाऊन वरच्या स्लॅबच्या हुकालाच लागला पाहिजे. मग रॉडची लांबी मोजावी लागते. पाती आणि वरचं छत यात किमान एक फूट, नाहीतर पंख्याला वरून हवाच मिळत नाही, तो नुसताच फिरतो. आणि पाती जमिनीपासून किमान २.३ मीटर, म्हणजे साडेसात फुटांहून थोडी जास्तच उंच. उदाहरण घ्या. स्लॅब साडेनऊ फुटांवर, फॉल्स सीलिंग आठ इंच खाली, त्याखाली एक फूट मोकळा. पाती येतात ७ फूट १० इंचांवर, म्हणजे २.३९ मीटर. जमलं. हाच हिशेब नऊ फुटांच्या स्लॅबला लावला तर पाती ७ फूट ४ इंचांवर, २.२४ मीटर. उंच माणसाने टी-शर्ट काढताना हात वर केले की लागलंच. अशा खोलीत पंख्यापुरता फॉल्स सीलिंगमध्ये चौकोन मोकळा सोडावा. हात शिरेल एवढी झडपही ठेवून घ्या, नाहीतर पुढे नट आवळायला सीलिंग फोडावं लागतं.

डब्यातला रॉड बहुधा ८ ते १२ इंचांचा असतो. लांब हवा असेल तर त्याच कंपनीचा मागवा. दोन तुकडे वेल्डिंग करून जोडलेला रॉड वेल्डच्या काठावर थकतो आणि तुटतो. बंक बेड, उघडं फिरणारं कपाटाचं दार, माळ्यावर चढायची शिडी, यांपासून पात्यांचं टोक दोन फूट तरी लांब हवं.

बोर्डाकडे येऊ. नव्वद टक्के घरांत पंख्याचा रेग्युलेटर आहे आणि रिमोटच्या पंख्याला तो नको असतो, असं म्हणायला हरकत नाही. दुकानदार सांगतात, "पाचवर ठेवा आणि विसरून जा." पायऱ्यापायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये पाचवर वीज सरळ जाते, त्यामुळे काही दिवस चालतंही. पण घरात कामाला येणाऱ्या मावशी, आजोबा, लहान मूल, कुणीतरी सवयीने तो दोनवर फिरवतंच. मग मध्ये कंडेन्सर येतो, पंख्याच्या सर्किटला पुरेसा दाब मिळत नाही आणि पंखा उचकी लागल्यासारखा सुरू-बंद होत राहतो. गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं त्याहून वाईट. तो विजेची लाट कापून पुढे पाठवतो, आतल्या सर्किटला दर लाटेला धक्का बसतो, ते तापतं आणि एक दिवस जळतं. अपवाद एकच. काही मॉडेलच्या खोक्यावर रेग्युलेटर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं नसेल तर रेग्युलेटर काढायचा.

काढायचा म्हणजे काय? बोर्डात मेनकडून आलेली फेज बटणात जाते, बटणातून रेग्युलेटरमध्ये आणि तिथून पंख्याकडे. मधला रेग्युलेटर वगळून पंख्याकडे जाणारी वायर थेट बटणाच्या बाहेरच्या टर्मिनलमध्ये घालावी. वायर आखूड पडली तर स्क्रूचा कनेक्टर वापरा. दोन टोकं पिळून वर टेप गुंडाळणं हे काम नव्हे. टेपचा चिकटपणा उन्हाळ्यात सुटतो आणि बोर्डाच्या आत उघडी तांब्याची शेपटी राहते. रेग्युलेटरच्या जागी झाकणपट्टी लावा, ती अगदी थोड्या पैशात मिळते. भाड्याच्या घरात असाल तर जुना रेग्युलेटर आणि त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून ठेवा, घर सोडताना मालक तेच मागणार.

त्याआधी वीज बंद करण्याबद्दल, कारण याच पायरीवर माणसं दगावतात. मेन स्विच पाडला म्हणजे घर मेलं, हे इन्व्हर्टर असलेल्या घरात खरं नाही. पंख्याची लाइन बहुतेक वेळा इन्व्हर्टरवरच दिलेली असते. मेन गेला की इन्व्हर्टर आपलं काम इमानेइतबारे करतो आणि छताच्या वायरला लगेच २३० व्होल्ट पुरवतो. म्हणून एमसीबी पाडा, इन्व्हर्टरचं बटण बंद करा, त्याच्या आउटपुटची एमसीबी किंवा पिनही काढा. मग तपासा. आधी टेस्टर चालू प्लगमध्ये लावून तो पेटतो का ते बघा, मग पंख्याच्या वायरला लावा, मग पुन्हा चालू प्लगमध्ये. टेस्टर अर्ध्यात मेला असेल तर तेव्हाच कळतं. लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून टेस्टर लावला तर फेजवरही तो अगदी मंद पेटतो किंवा पेटतच नाही, हे विसरू नका. तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर जास्त भरवशाचा.

मल्टीमीटर हातात असेल तर आणखी दोनदा मापं घ्या. वीज सुरू, बटण चालू, छताच्या वायर एकमेकींपासून लांब धरून ठेवलेल्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आता बटण बंद करा. दोन्हीपैकी एकाही वायरवर अर्थच्या तुलनेत २३० दिसता कामा नये. दिसलं तर बटण न्यूट्रलवर बसवलेलं आहे. जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास सापडतं. पंखा बंद दिसतो, आत फेज जिवंत असते आणि पुसायला चढलेल्या माणसाला झटका बसतो. सगळ्याच वायर काळ्या किंवा सगळ्याच लाल असतील तर रंगावर जाऊच नका.

वायर तांब्याची, १ किंवा १.५ चौरस मिमीची पुरे. जुन्या इमारतींत ॲल्युमिनियम सापडतं. वाकवलं की टोक तुटतं आणि तांब्याला पिळून जोडलं की सांधा तापतो. तिथे नवी वायर ओढणं हेच खरं. हिरवी अर्थची वायर छतापर्यंत येते का आणि बोर्डात ती कुठे जोडलेली आहे, दोन्ही बघा. बऱ्याच घरांत ती बोर्डाच्या मागे नुसतीच लोंबत असते. अर्थ नसेल तर पंख्याच्या धातूच्या अंगाला टेस्टर लावल्यावर तो मंद पेटू शकतो. आतल्या फिल्टरमधून झिरपणारी ती वीज असते. धोका मोठा नसला तरी शिडीवर तोल जायला तेवढा चटका पुरतो.

गावाकडे दाब रात्री २६० वर जातो आणि संध्याकाळी पंप चालू असताना १६० वर येतो. इथे बीएलडीसी खरोखर उजवा ठरतो. साधारण १४० ते २८५ व्होल्टच्या दरम्यान तो एकाच वेगाने फिरतो. मात्र वळवाच्या विजांपुढे आणि खांबावर न्यूट्रल तुटल्यावर तो साध्या पंख्यापेक्षा नाजूक. न्यूट्रल तुटला की घरात चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. वितरण पेटीत सर्ज प्रोटेक्टर आणि जास्त दाबाला तोडणारं उपकरण बसवून घ्या, एका पंख्यासाठी नव्हे, सगळ्या घरासाठी.

रिमोटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इन्फ्रारेड रिमोटला पंखा नजरेसमोर लागतो आणि एकाच हॉलमध्ये एकाच मॉडेलचे दोन पंखे असतील तर दोघेही एकदम ऐकतात. असं नको असेल तर जोडणी करता येणारा रेडिओ लहरींचा रिमोट असलेलं मॉडेल घ्या. रिमोट हरवला तर बटण पटकन बंद-चालू करून वेग बदलता येतो का, हे घेताना विचारा, काही मॉडेलमध्ये ती सोय आहे. वीज जाऊन आल्यावर पंखा आधीच्या वेगावर परत येतो का, तेही. आणि रिमोटने बंद केलेला पंखा थोडी वीज घेतच राहतो, गावाला जाताना बटण बंद करा.

जुन्याच पंख्याला रिमोट बसवायचं किटही मिळतं. वाटीत बसणारी छोटी डबी, किमतीत परवडणारी. पण वीज वाचत नाही, कमी वेगावर पंखा गुणगुणतो, आणि बंद वाटीत डबी तापते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तातडीची सोय म्हणून ठीक, पाचपैकी दोन.

आता ती नट-बोल्टची पुडी. तिच्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे कॉटर पिन, दोन पायांची, केसांच्या आकड्यासारखी तार. रॉड आणि मोटर यांना जोडणारा बोल्ट, तसाच वर शॅकलचा बोल्ट, नट फिरून निघू नये म्हणून बोल्टच्या टोकाच्या भोकातून ही पिन घालायची आणि तिचे पाय एकमेकांपासून उलट दिशांना वाकवायचे. नुसती घातलेली पिन थरथरीने गळून पडते, मग नट, मग बोल्ट. नव्या पुडीतल्या काही पिना इतक्या मऊ असतात की दोनदा वाकवल्या तर मोडतात, म्हणून एकदाच वाकवा आणि जुन्या पंख्याची पिन पुन्हा वापरू नका. शॅकलमधलं रबर घोट्यासारखं गोल असतं. ते हुकावर बसलं पाहिजे, लोखंडाने लोखंडाला टेकायचं नाही. मोटरच्या मानेवर रॉड आवळणारा एक छोटा स्क्रू असतो, घाईत तोच राहतो आणि पंखा डुलायला लागला की मग आठवतो. तीन गुण या पुडीला दिले ते रबर आणि वाट्या चांगल्या असतात म्हणून. पिना आणि वायर जोडायचा प्लास्टिकचा कनेक्टर बहुतेक ठिकाणी हलकाच. काही मॉडेलमध्ये पोलादी सुरक्षा तारही येते. ती पंख्याच्याच हुकात अडकवली तर हुकाबरोबर तीही खाली येणार, तिला स्वतःचा वेगळा फास्टनर लागतो.

टांगताना आधी मोटर रॉडसकट वर न्या, वायर जोडा, मगच पाती लावा. जमिनीवर पाती लावून पंखा उचलणारे वायरमन वेळ वाचवतात आणि दरवाजाच्या चौकटीला पात्याचं टोक वाकवतात. दोन खोक्यांतली पाती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, ती वजन जुळवून तीन-तीनच्या संचात येतात. वरची वाटी छताला टेकवू नका, मध्ये चार-पाच मिमी फट ठेवा, नाहीतर रात्री कर्रर्र आवाज येतो आणि दोष मोटरला लागतो. पाती लागल्यावर टेपने प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचं अंतर एकाच जागी फिरवून मोजा. तिन्ही मापांत तीन मिमीहून जास्त फरक असेल तर त्या पात्याचे स्क्रू सोडून पुन्हा बसवा. इतकं केल्यावर पंखा पाचवरही स्थिर चालतो.

कंपनीची सेवा घ्यायची तर तिची हद्द समजून घ्या. येणारा माणूस तयार हुकाला, तयार वायरला पंखा लावतो आणि रिमोट चालवून दाखवतो. हुक बदलणं, भोक पाडणं, रेग्युलेटर काढणं, लांब रॉड, फॉल्स सीलिंग, हे त्याच्या कामात बसत नाही किंवा त्याचे वेगळे पैसे होतात, आणि दारात आल्यावर ते कळतं. वेळ ठरवतानाच विचारा आणि उत्तर मेसेजमध्ये घ्या. आमच्या मते हुक आणि बोर्ड सरकारी परवाना असलेल्या स्थानिक वायरमनकडून आधी करून घ्यावं, पंखा कंपनीच्या माणसाने लावावा. त्यामुळे वॉरंटीवरून वाद होत नाही. बिल आणि मोटरवरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, वर गेल्यावर तो क्रमांक वाचता येत नाही. वाढीव वॉरंटी नोंदणीवर अवलंबून असेल तर नोंदणी त्याच दिवशी करा.

पहिल्यांदा सुरू करताना खोली रिकामी ठेवा. एकवर पाच मिनिटं, मग पाचवर अर्धा तास. मग वीज बंद करून, इन्व्हर्टरसकट, वाटी खाली सरकवा आणि दोन्ही बोल्ट, दोन्ही पिना, मानेचा स्क्रू हाताने तपासा. पंधरा दिवसांनी हेच एकदा पुन्हा. रबर दबून बसतं, तेव्हा वरचा नट पाव फेरा तरी आवळावा लागतोच.